दादाला जाळायचं ठरलं

ग्वायाकिल,
९ नोव्हेंबर २०१४

ति. हासिंतो दादास,

सोइलाचा नमस्कार. पत्रास कारण की, या वर्षी तुला जाळायचं ठरवलं आहे.

दचकू नकोस. तीस वर्षं आपल्या अंगणात पुतळे होतात आणि एकतीस डिसेंबरला रस्त्यात जळतात. ज्याने वर्षभर छळलं त्याचा पुतळा करायचा, तो जळला की जुनं वर्ष संपलं. लोक मंत्र्यांचे करतात, फुटबॉलवाल्यांचे करतात. मला कोणी छळलं याचा मी विचार केला. मंत्र्याचं नाव आठवेना. तुझं आठवलं. या वर्षीचं आणि मागच्या दहा वर्षांचंही.

मागच्या वर्षीचा टाय लावलेल्या इग्वाना सरड्याचा पुतळा तू पाहिला नाहीस. पाच मीटर उंच झाला होता. आता पाहुण्यांची बस आपल्या गल्लीच्या तोंडाशी थांबते. मनोरा, नदीकाठ, टेकडी, इग्वानांची बाग, आणि मग आम्ही. आपली गल्ली प्रेक्षणीय झाली, हे आईला सांगितलं असतं तर तिने आधी अंगण झाडायला घेतलं असतं.

अडचण एकच. तुझा फोटो नाही. चाळीस वर्षं त्या बागेत बसून अख्ख्या देशाचे फोटो काढलेस आणि घरात तुझा एकही नाही. चेहरा आठवणीतून करते आहे. नाक मोठं होतंय. दोरा म्हणते, रागामुळे होतंय.

शिवाय पुतळ्याच्या अंगावर त्या माणसाची एक तरी खरी वस्तू हवी. तुला रिवाज माहीत आहे. कॅमेरा पाठव. तोच, त्या दिवशीचा. कोणता दिवस हे विसरला असशील तर लिहिते.

अकरा वर्षांपूर्वीचा बारा ऑगस्ट. दोराला पंधरा वर्षं पूर्ण झाली. मुलीला पंधरा पूर्ण झाली की शहरभर फिरवून फोटो काढतात, सगळेच काढतात. पण हिचा मामाच फोटोग्राफर, म्हणून आम्ही जरा जास्त मिरवलं. पहाटे साडेपाचला घड्याळाच्या मनोऱ्याखाली सुरुवात. मग नदीकाठ, मग टेकडीच्या चारशे चव्वेचाळीस पायऱ्या, वर दीपगृह, शेवटी तुझी बाग. आई बरोबर होती. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, गुडघे गेलेले, पायऱ्यांवर माझा हात धरून, चर्चची काळी ओढणी घेऊन जवळजवळ प्रत्येक फोटोत. तू छत्तीस वेळा बटण दाबलंस. संध्याकाळी केक कापताना सांगितलंस की फोटो आले नाहीत. रोल धुवायलाही दिला नव्हतास. न धुता तुला कसं कळलं? म्हणजे रोल घातलाच नव्हता. हे मी सगळ्यांसमोर म्हटलं आणि तू टोपी उचलून बाबाओयोला गेलास. सात आठवड्यांनी आई गेली. तू मातीला आलास आणि माती ओली असतानाच परत गेलास. आईचा शेवटचा फोटो तिच्या ओळखपत्रावरचा आहे. त्यात ती चोरासारखी दिसते.

फोन केला असता, पण तू उचलत नाहीस, आणि उचललास तर मी ओरडते. कागदावर ओरडता येत नाही. बाबाओयोच्या बसवर इसिद्रो कंडक्टर आहे, त्याच्या हाती पत्र देते. उत्तर त्याच्याच हाती दे. तो वाचतो, एवढं लक्षात ठेव.

आईची ती काळी ओढणी सापडत नाही. तू नेलीस का?

कळावे. लोभाचं एकतीस तारखेनंतर पाहू.

तुझी धाकटी बहीण,
सोइला

*

बाबाओयो,
१४ नोव्हेंबर २०१४

चि. सोइलास,

आशीर्वाद आणि निषेध.

पत्र मिळालं. जाळायला हरकत नाही, पण नीट जाळ. काही सूचना करतो.

उंची. पाच मीटरच ठेवलीस तर मी मागच्या वर्षीच्या इग्वानाएवढाच. चाळीस वर्षं त्यांच्यात काढली, निदान एक हात तरी वर ठेव.

नाक. ते बाबांचं आहे, म्हणजे तुझंही. आरशासमोर उभी राहा आणि माप घे.

उभं राहणं. माझं वजन डाव्या पायावर असतं. पोट दाखवू नकोस. ते इथे आल्यावर सुटलं, तुमच्या वेळी नव्हतं, तेव्हा तुमचा त्याच्यावर हक्क नाही.

शर्ट निळा रंगव. पांढरा रंगवलास तर पाऊस आला की मी भूत दिसेन आणि पाहुण्यांची पोरं रडतील.

कॅमेरा मिळणार नाही. टोपी पाठवतो. त्या दिवशी उचलली होती, तीच.

बाकीच्या मजकुरावर काही लिहायचं नाही. तू बरोबर लिहिलं आहेस. एकच दुरुस्ती. पायऱ्या चढताना आई तुझा हात धरून नव्हती, माझा धरून होती.

माझं बरं चाललं आहे. सायकली दुरुस्त करतो. सायकलवाल्याला कोणाला हसायला लावावं लागत नाही, हे एक सुख. घरासमोर नदी आहे. जलपर्णीची बेटं खाली तुमच्याकडे जातात. तुमच्याकडे भरतीबरोबर ती उलटी वर येतात. इथपर्यंत काही पोचत नाहीत. मी बघत असतो.

इसिद्रो, वाचून झालं असेल तर पाकीट नीट चिकटव. मागचं ओलं होतं.

कळावे. लोभ राहिला नाही तरी नाक लहान राहावे, ही विनंती.

हासिंतो

*

ग्वायाकिल,
१८ नोव्हेंबर २०१४

ति. मामास,

दोराचा वाकून नमस्कार. आईने तुझं पत्र जेवताना वाचलं आणि मग आरशासमोर गेली. परत आली ती कात्री घेऊन. नाक तीन बोटं कमी केलं आहे. एवढा विजय तुला आजवर कोणी मिळवून दिला नसेल.

सांगाडा उभा आहे. आता कागदाचे थर चालले आहेत. घरभर मैद्याच्या खळीचा वास. आई शिडीवरून तुझ्याशी बोलते. बोलते म्हणजे काय ते तुला माहीत आहे. काल तुझ्या डाव्या कानाला तिने सांगितलं की आजीच्या आवडीचा बोलोन तिला अजून तसा जमत नाही, गोळ्यासाठी केळं कुटताना हात थांबतो. कान पुठ्ठ्याचा असल्यामुळे काही बोलला नाही.

माझी बातमी तुला कोणी दिली नसेल. मी पाहुण्यांना शहर दाखवते. नोकरीच आहे, टोपी आणि शिट्टीसकट. सकाळी मनोरा, मग नदीकाठ, मग पायऱ्या, दीपगृह, शेवटी बाग. कंपनीने आखलेला रस्ता आहे आणि तो अगदी तोच आहे, मामा. रोज माझा पंधरावा वाढदिवस. फक्त झगा नाही, हे बरं. झाडावरच्या इग्वानाने त्या झग्यावर काय केलं होतं ते आठवतं ना? तू म्हणाला होतास की फोटोत ते फूल वाटेल.

पाहुण्यांना आता फोटोवाला लागत नाही. हात लांब करतात आणि स्वतःच काढतात. सगळे वाकडे. मला राहवत नाही. मी तुझ्यासारखंच सांगते: अर्धं पाऊल डावीकडे, हनुवटी खाली, श्वास सोडा. ऐकतात. तुझ्या बाकावर आता लॉटरीवाल्या कार्लोताबाई पाय पसरून बसतात.

एकतीसला पुतळ्याचं मृत्युपत्र वाचायचं असतं. ते आई लिहायला बसली आहे. मी दोन पानं पाहिली. तुला वाचवायला हवं असं मला वाटतं.

एक विचारू? आई विचारणार नाही, म्हणून मी विचारते. रोल होता का?

कळावे. लोभ इकडे पुष्कळ साठला आहे, थोडा तिकडूनही यावा.

तुझी भाची,
दोरा

*

बाबाओयो,
२३ नोव्हेंबर २०१४

चि. दोरास अनेक आशीर्वाद.

शिट्टी ऐकून आनंद झाला. पाहुणे शिट्टीला घाबरतात की तुला, ते कळव.

झग्यावरचं फूल वाटलं असतं. प्रकाश तसा होता.

आईला सांग, माझं मृत्युपत्र माझं मी लिहीन. मरणाऱ्याचा एवढा तरी हक्क असतो. तिची दोन पानं तिने पुढच्या वर्षीसाठी ठेवावीत, मंत्री कोणीही असला तरी चालतील.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच येईल. जळायला बसलेल्या माणसाला घाई करू नये.

कार्लोताबाईंना सांग, बाकाच्या उजव्या टोकाला खिळा आहे.

कळावे. लोभ पाठवला आहे. इसिद्रोने वाटेत खाल्ला नसेल तर पोचेल.

मामा

*

ग्वायाकिल,
८ डिसेंबर २०१४

ति. दादास,

नमस्कार वगैरे. तू काल उभा राहिलास. साडेपाच मीटर. निळा शर्ट. वजन डाव्या पायावर, त्यासाठी उजव्या पायात विटा कमी भराव्या लागल्या. वारा आला की जरा डोलतोस. बिअर प्यायल्यावर डोलायचास तसाच, म्हणून दुरुस्त केलं नाही.

काल सकाळपासून गर्दी आहे. गल्लीतल्या कोणाला सांगावं लागलं नाही. मासळीवाला एफ्रायीन गाडी ढकलत आला, वर बघितलं, आणि म्हणाला की अरे, हा परत आला. मग खाली बघून म्हणाला, पाय तेवढे दुसऱ्याचे वाटतात.

दुपारी कार्लोताबाई आल्या. बागेतून बस बदलून आल्या, बरोबर स्वतःची खुर्ची. तुझ्यासमोर बसल्या आणि अर्धा तास तुला बोलल्या. चाळीस वर्षं शेजारी बसून जाताना सांगितलं नाहीस, असा मुद्दा होता. पाहुण्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. शेवटी टाळ्या पडल्या. मग बाई रडल्या, मग चीज घातलेले दोन बोलोन खाल्ले, आणि जाताना तुझ्या बुटाला हात लावून गेल्या.

एका दिवसात तीनशे माणसांनी तुझ्याबरोबर फोटो काढले. दोराने मोजले. जन्मभर फोटोत आला नाहीस, आता जपानपर्यंत पोचशील.

एकच बोल लागतो आहे. कॅमेरा पुठ्ठ्याचा आहे हे सगळ्यांना कळतं. एका पोराने विचारलं की हा माणूस खरा फोटोवाला होता की नुसता धरून उभा राहायचा. नुसता धरून उभा राहायचा. अकरा वर्षं मी हेच उत्तर सगळ्यांना देत आले आणि काल त्या पोराला देता आलं नाही. का ते माहीत नाही. शिडीवर पाय दुखत असतील.

विधवा ठरल्या. रिवाजाप्रमाणे तुझ्या नावाने ऊर बडवायला, गाड्या अडवून पैसे मागायला तीन पुरुष विधवांचे झगे घालून उभे राहतील. शेजारचा लुचो, त्याचा भाऊ, आणि एफ्रायीन. एफ्रायीनने मिशी काढायला साफ नकार दिला आहे. मिशीवाली विधवा तुला चालेल का, तेवढं कळव.

तू येऊ नकोस. तुला कोणी बोलावलेलं नाही. आलास तरी कोणी ओळखणार नाही, सगळ्यांना आता साडेपाच मीटरचाच माहीत आहेस. परतीची शेवटची बस आठची असते, हे आपलं सहज लिहिलं.

ओढणीचं उत्तर दिलं नाहीस.

कळावे. लोभ थराथराने चिकटवून उन्हात वाळत घातला आहे. वाळला तर वाळला.

सोइला

*

बाबाओयो,
२० डिसेंबर २०१४

चि. सोइलास,

आशीर्वाद. मिशीवाली चालेल.

मृत्युपत्र पाठवतो. पहिला भाग दोराने मोठ्याने वाचावा. दुसरा तू एकटीने.

मृत्युपत्र. मी, हासिंतो, उंची साडेपाच मीटर, नाकासह सहा, पूर्ण शुद्धीत आणि पोटात फटाके असताना पुढीलप्रमाणे वाटणी करतो.

बागेतल्या इग्वानांना माझी सावलीची जागा. त्यांनी ती आधीच घेतली आहे, पण कागद असावा.

कार्लोताबाईंना माझी माफी आणि खिळा उपटायला पक्कड.

एफ्रायीनला माझा वस्तरा. विचार करायला एक वर्ष.

हात लांब करून स्वतःचे फोटो काढणाऱ्या जगातल्या सर्व माणसांना आणखी एक वीत लांब हात.

घड्याळाच्या मनोऱ्याला माझं घड्याळ. दोन्ही मागे आहेत, एकमेकांना समजून घेतील.

भाची दोरा हिला छत्तीस फोटो. ते मी काढले. दिसत नाहीत, हा त्यांचा दोष आहे.

बहीण सोइला हिला त्यांतला दहावा.

इथपर्यंत मोठ्याने. इसिद्रो, तूही इथेच थांब.

सोइला, रोल होता. मी सकाळी चार वाजता घातला. रोल पुढे सरकत असला की कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला एक बटण फिरतं. नवशिक्यालाही माहीत असतं. दर फोटोला मी ते बघायचो. त्या दिवशी बघितलं नाही, कारण आईला बघत होतो. दोनशे बाराव्या पायरीवर दहावा फोटो काढला आणि नजर गेली. बटण फिरत नव्हतं. रोल अडकला होता, बहुधा पहिल्यापासूनच.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण आई एका हाताने कठडा आणि एका हाताने मला धरून तिथवर आली होती आणि टेकडी जिंकल्यासारखी हसत होती. सांगितलं असतं तर ती खाली उतरली असती आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा चढली असती. तू ओळखतेस तिला. म्हणून पुढचे सव्वीस मी तसेच काढले. हनुवट्या खाली करायला लावल्या, श्वास सोडायला लावले. वाटलं, पुढच्या महिन्यात काही निमित्त काढू आणि परत काढू. पुढचा महिना गेला. त्याच्या पुढचा तिच्याकडे नव्हता.

रोल घातलाच नाही, असं तू सगळ्यांसमोर म्हणालीस तेव्हा मला बरंच वाटलं. विसरभोळा ठरलो. तिला खोटंच हसवत वर नेलं, हे आईला कळलं असतं तर तिला लागलं असतं. आई गेल्यावर सांगता आलं असतं. पण तोवर मी सायकलवाला झालो होतो.

कॅमेरा पाठवतो आहे. त्या दिवसापासून उघडलेला नाही. पुतळ्याच्या हातात दे आणि जाळ.

कळावे. शिल्लक लोभ तुम्हा दोघींच्या नावे करतो आहे. भांडू नका.

दादा

*

ग्वायाकिल,
२७ डिसेंबर २०१४

ति. मामास,

नमस्कार. पार्सल पोचलं. इसिद्रोने ते मांडीवर घेऊन आणलं आणि देताना माझ्याकडे बघितलं नाही. तो तिथे थांबला नव्हता, हे उघड आहे. डोळे लाल होते.

आई शिडीवर तुझ्या भुवया रंगवत होती. तिथेच वाचलं. मग खाली उतरली, हाताची खळ धुतली, आणि परत वाचलं. मग एवढंच म्हणाली की, गाढवाने मला सांगायचं होतं, मी आईला पाठीवर घेऊन दुसऱ्यांदा चढले असते. मग पुन्हा शिडीवर चढली आणि रात्रीचं जेवण होईपर्यंत उतरली नाही. नाक आता इतकं चांगलं झालं आहे की आम्हाला भीती वाटते, जाळवेल की नाही.

कॅमेरा मी जाळू दिला नाही. बाजारामागे तो म्हातारा स्टुडिओवाला आहे ना, पोपटवाला, त्याच्याकडे नेला. त्याने अंधाऱ्या खोलीत उघडला. रोल आत होता, मामा. कडेची भोकं पहिल्याच फोटोला फाटली होती. रोल हललाच नाही. छत्तीसच्या छत्तीस फोटो एकाच जागेवर पडले आहेत, एकावर एक. धुतल्यावर पट्टीवर एकच चौकोन आला, कोळशासारखा काळा. छापला तर पांढरा. त्याने तीनदा छापला, तिन्ही वेळा कोरा पांढरा. म्हणाला की पन्नास वर्षांत एका चौकोनात एवढा उजेड पाहिला नाही. पैसे घेतले नाहीत.

मी तो आईला दाखवला. तिने खिडकीशी नेऊन बराच वेळ धरला. त्यात मनोरा आहे, नदी आहे, दीपगृह आहे, इग्वाना आहे, झगा आहे, फूल आहे. आजी तर तीसेक वेळा असेल. नुसतं दिसत नाही एवढंच. आईने घरातली सगळ्यात चांगली चौकट काढली. त्यातला येशू कपाटावर ठेवला आणि हा लावला. आता दाराशी टांगला आहे. पाहुणे विचारतात हे काय. मी सांगते की हे अख्खं ग्वायाकिल आहे, ज्यांना घाई असेल त्यांनी एवढंच बघून जावं.

आई म्हणते की तुला लिहू नको. म्हणजे काय ते तुला कळतं.

कळावे. इकडचा लोभ आता पाचव्या मीटरच्या वर गेला आहे, शिडी पुरत नाही.

दोरा

*

ग्वायाकिल,
२ जानेवारी २०१५

ति. दादास,

नव्या वर्षाचा नमस्कार. तू आला नाहीस. मीच येऊ नको म्हटलं होतं, तेव्हा तक्रार नाही.

दिवस कसा झाला ते कळवते.

विधवा तीन ठरल्या होत्या. चार आल्या. लुचो आणि त्याचा भाऊ तर भाड्याचे झगे घालून दुपारपासून गाड्या अडवत होते. एफ्रायीन मिशीला काळी जाळी लावून आला. चौथी कुठून आली कोणाला माहीत नाही. उंच, जरा वाकलेली, पायात पुरुषी बूट, डोक्यावरून काळी ओढणी. रडायला तिला अजिबात येत नव्हतं. इतर तिघी बोनेटवर डोकं आपटत होत्या आणि ही नुसती पुतळ्याच्या पायाशी उभी. कोणाकडे काही मागेना. वर बघत होती, नाकाकडे.

मी खिडकीतून बघत होते. वाटलं, कोणाची तरी खरीच विधवा चुकून आली.

मग एक जपानी जोडपं आलं. पुतळ्याखाली उभे राहिले आणि हात लांब केला. त्या विधवेला ते सहन झालं नाही. पुढे झाली, त्यांच्या हातातून फोन काढून घेतला, बाईंना अर्धं पाऊल डावीकडे सरकवलं, नवऱ्याची हनुवटी एका बोटाने खाली केली, आणि तोंडाने फू करून श्वास सोडायला लावला. त्यांच्यामागे लगेच रांग लागली. अर्ध्या तासात तिने चाळीसेक माणसं सरळ उभी केली. रडणं विसरूनच गेली. वजन डाव्या पायावर.

मी खाली आले. ओढणीच्या टोकाला रफू होतं, निळ्या दोऱ्याचं. आईने काळा दोरा संपला म्हणून मला निळ्याने करायला लावलं होतं, मी दहा वर्षांची होते.

मी नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर झगा वर धरून पळाली असती, आणि त्या बुटांनी पडली असती. चीज घातलेला बोलोन नेऊन दिला. ओढणीआड तोंड करून खाल्ला. मग दुसरा मागितला, बोट दाखवून. या वेळी कुटताना हात थांबला नव्हता. तिला सांगितलं की घरात एक नवा फोटो लावलाय, बघायचा असेल तर बघ. ती दारापर्यंत आली. त्या पांढऱ्या चौकोनापुढे उभी राहिली आणि मग मात्र तिला रडता आलं. चांगलं रडली. इतर तिघींनी येऊन बघितलं आणि शिकून घेतलं.

दोराने तेवढ्यात आम्हा दोघींना पुतळ्याखाली उभं केलं आणि फोटो काढला. तो सोबत पाठवते. घरातला तुझा पहिला फोटो, आणि त्यात तू बाईच्या वेशात आहेस.

आठच्या बसने गेलास. इसिद्रो सांगत होता, ओढणीसकट झोपलास आणि त्याने तिकीट विधवेचं म्हणून अर्धं लावलं.

बाराला तुला जाळलं. मृत्युपत्र वाचताना गल्ली हसून लोळली. छान जळलास. फटाके एकदम उडाले. रिवाजाला एक खरी वस्तू लागते, ती टोपी. तीच उचलून तू गेला होतास, म्हणून तिचं मला वाईट वाटलं नाही. नाक मी आधीच काढून घेतलं. दाराशी लावलं आहे, किल्ल्या अडकवायला बरं पडतं.

कॅमेरा स्टुडिओवाल्याने साफ करून दिला. चालतो म्हणे. माझ्याकडे आहे. सायकलीच्या दुकानात त्याला काही काम नाही, तसं माझ्याकडेही नाही.

मी सगळ्यांसमोर जे म्हटलं होतं, ते एकतीसला आग लावायच्या आधी सगळ्यांसमोर परत घेतलं. कोणाला आठवतही नव्हतं. पण मी घेतलं.

कळावे. लोभ जळला नाही, तपासून पाहिलं.

तुझी,
सोइला

*

बाबाओयो,
६ जानेवारी २०१५

चि. सोइलास,

अनेक आशीर्वाद.

कोणत्या विधवेबद्दल लिहितेस, मला कल्पना नाही. बोलोन चांगले होते असं ऐकलं.

फोटो बघितला. दोराला सांग, प्रकाश बरा पकडलाय. पण त्या विधवेची हनुवटी वर आहे, आणि तू श्वास धरून ठेवला आहेस. शिवाय डावीकडे अर्धं पाऊल जागा मोकळी आहे, ती कोणासाठी ते मला कळतं. तिथे ओढणी ठेवता येईल.

हा फोटो धरायचा नाही. परत काढावा लागेल. सगळेच परत काढावे लागतील, पहिल्यापासून छत्तीस. दोराचा झगा आता मिटणार नाही, मागून पिना लावा. दोनशे बाराव्या पायरीवर आपण बसू, माझेही गुडघे गेले आहेत.

मी शुक्रवारी रात्रीच्या बसने येतो. रोल आणतो. या वेळी भरताना तू समोर उभी राहून बघ.

इसिद्रो, माझी जागा खिडकीची ठेव. पूर्ण तिकीट घे.

कळावे. लोभ असावा, आणि शनिवारी पहाटे साडेपाचला सर्वांनी घड्याळाच्या मनोऱ्याखाली असावे.

तुझा,
दादा